केंद्राचा पैसा, राज्याचा रस्ता आणि मधले कागद

२६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ नावाचे मालवाहू जहाज अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडत असताना त्यावरची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. काही सेकंदांत पूल नदीत कोसळला. रात्रपाळीत पुलावरचे खड्डे बुजवणारे सहा कामगार त्यात मृत्युमुखी पडले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय असल्यामुळे आपल्याकडेही ही बातमी बरेच दिवस चर्चेत राहिली.

पुढच्या बातम्यांनी मात्र अनेक जण गोंधळले. दुर्घटनेनंतर दोनच दिवसांत अमेरिकेच्या केंद्र सरकारने तातडीचे ६ कोटी डॉलर मोकळे केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुलाचा संपूर्ण खर्च केंद्राने उचलण्याचा निर्णय अमेरिकी संसदेने घेतला. असे असूनही सुरुवातीला १७० ते १९० कोटी डॉलर सांगितलेला खर्चाचा अंदाज नोव्हेंबर २०२५ मध्ये ४३० ते ५२० कोटींवर गेला आणि पूल खुला होण्याची अपेक्षित वेळ २०२८ वरून २०३० च्या अखेरीस ढकलली गेली. पैसा मंजूर आहे, इच्छाशक्ती आहे, मग अडले कुठे, हा प्रश्न बाल्टिमोर ज्या राज्यात आहे त्या मेरीलँडमधल्या मराठी कुटुंबांत आणि त्यांच्या इथल्या नातेवाइकांतही विचारला जातो. ‘सगळे कागदपत्रांत अडकलेले असणार’ हे उत्तर त्यावर सहज दिले जाते.

हे उत्तर अर्धवट आहे. राज्य सरकारने खर्च वाढण्याची जी कारणे दिली, त्यांत साहित्याच्या वाढलेल्या किमती आणि जहाजाच्या धडकेपासून खांबांचे रक्षण करणारी मोठी रचना ही प्रमुख होती. पण केंद्राच्या पैशातून होणाऱ्या महामार्गांना भरपूर कागदपत्रे लागतात हेही खरे आहे. ते कागद नेमके कोणते, ते कोणी मागितले आणि का मागितले, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना दोष देणेही कठीण आणि त्यांची बाजू घेणेही कठीण.

पैसा आधी मिळत नाही

अमेरिकेतील महामार्ग, अगदी आंतरराज्य महामार्गसुद्धा, जवळजवळ सगळे राज्यांच्या किंवा त्यांच्या प्राधिकरणांच्या मालकीचे आहेत. आराखडा, निविदा, बांधकाम आणि देखभाल ही कामे राज्याचे परिवहन खाते करते. केंद्राचे महामार्ग प्रशासन पैसा देते, अटी घालते आणि देखरेख ठेवते. ही विभागणी १९१६ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. तेव्हा केंद्राने निम्मा खर्च देण्याची तयारी दाखवली आणि त्या बदल्यात राज्याकडे स्वतःचे सक्षम महामार्ग खाते असले पाहिजे, अशी अट घातली. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले, तेव्हा केंद्राचा वाटा ९० टक्के झाला आणि त्या पैशासाठी महामार्ग निधी उभा राहिला. पेट्रोलच्या दर गॅलनमागे केंद्र जो १८.४ सेंट कर घेते, तो प्रामुख्याने या निधीत जातो. हा दर १९९३ पासून बदललेला नाही.

या निधीतून राज्याच्या खात्यात आगाऊ रक्कम जमा होत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात राज्याला दरवर्षी फक्त खर्चाची मर्यादा कळवली जाते. राज्य आधी स्वतःचे पैसे खर्च करते, मग देयक पाठवते आणि केंद्र आपल्या वाट्याची भरपाई करते. सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती माहीत असते: रुग्णालयाचे बिल आधी आपण भरायचे, मग पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि विहित नमुना जोडून अर्ज करायचा, आणि एखादी पावती राहिली तर तेवढी रक्कम आपल्याच खिशातून गेली असे समजायचे. आपल्याकडच्या अनेक केंद्रपुरस्कृत योजनांत पहिला हप्ता आधी मिळतो आणि उपयोगिता प्रमाणपत्र नंतर द्यावे लागते. अमेरिकेच्या महामार्गांत हा क्रम उलटा आहे. त्यामुळे तिथे कागद नीट ठेवण्यात राज्याचा स्वतःचा स्वार्थ असतो, आणि पुढचे बरेच काही या एका गोष्टीवरून समजते.

एका तारखेचे महत्त्व

विमा उतरवण्याच्या आदल्या दिवशी अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई देत नाही. महामार्गाच्या पैशाचेही तसेच आहे. केंद्राने कामाला ज्या दिवशी अधिकृत परवानगी दिली, त्याच्या आधी केलेला खर्च सर्वसाधारणपणे भरून मिळत नाही. ही परवानगी आणि तिच्यासोबतचा प्रकल्प करार यांत कोणते काम, किती पैसा आणि केंद्राचा वाटा किती हे लिहिलेले असते. त्या क्षणापासून ती रक्कम त्या कामासाठी बांधली जाते.

परवानगी मागण्यापूर्वी राज्याला बरेच काही दाखवावे लागते. काम राज्याच्या चार वर्षांच्या परिवहन कार्यक्रमात असावे लागते, पर्यावरणाचा निर्णय झालेला असावा लागतो, बांधकामाची निविदा काढण्याआधी जमीन ताब्यात आल्याचे किंवा ती केव्हा येईल याचे प्रमाणपत्र लागते, आणि नकाशे, तपशीलवार अटी व खर्चाचे अंदाजपत्रक तयार असावे लागते. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागात प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता घेतलेल्या अभियंत्याला यात नवे काही वाटणार नाही.

रक्कम बांधून घेतली आणि काम मात्र हलेना, असेही घडते. अशा कामावर वर्षभर एकही देयक आले नाही, तर ते निष्क्रिय कामांच्या यादीत जाते आणि पैसा का अडवून ठेवला आहे याचे कारण राज्याला लिहून द्यावे लागते. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण कागदावर मंजूर पण जमिनीवर नसलेल्या कामांत अडकलेला पैसा दुसऱ्या एखाद्या गावाच्या पुलाला मिळू शकतो.

काम चालू असताना

खडी पडायला लागली की रोजचे कागद सुरू होतात. कामावरचा निरीक्षक दैनंदिनी लिहितो: हवा कशी होती, किती माणसे आली, कोणती यंत्रे चालली, किती काम झाले. मोजमापाची नोंद झाल्याशिवाय कंत्राटदाराला देयक मिळत नाही. आपली मोजमाप पुस्तिका हेच काम करते. सिमेंट, पोलाद, डांबर यांच्या चाचण्यांचे दाखले जोडावे लागतात. पोलाद आणि लोखंड अमेरिकेतच वितळवून घडवलेले असावे, ही अट असल्यामुळे वितळण्यापासून शेवटचा लेप देईपर्यंतचा माल कुठे तयार झाला, याची प्रमाणपत्रांची साखळी दाखवावी लागते.

मजुरीचा भाग तर आणखी तपशिलाचा आहे. १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार केंद्राच्या पैशातून होणाऱ्या बांधकामावर त्या परगण्यात त्या कामासाठी प्रचलित असलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही. ते तपासण्यासाठी कंत्राटदाराला दर आठवड्याला मस्टर द्यावे लागते: प्रत्येक कामगाराचे काम, तास, दर, कपाती आणि हातात पडलेली रक्कम. खाली ‘हे खरे आहे’ अशी सही असते आणि खोटे लिहिल्यास तो गुन्हा ठरतो. महामार्ग प्रशासनाचा १२७३ क्रमांकाचा अटींचा दस्तऐवज प्रत्येक करारात आणि प्रत्येक उपकंत्राटात प्रत्यक्ष जोडावा लागतो. ‘त्या अटी लागू राहतील’ असे एक वाक्य लिहून भागत नाही. वरवर हा हट्ट वाटतो. पण तिसऱ्या पायरीवरच्या छोट्या उपकंत्राटदाराला मूळ करार कधी पाहायलाही मिळत नाही, आणि त्याच्याकडच्या मजुराचे हक्क त्याच्या हातातल्या कागदावर नसतील, तर ते कुठेच नसतात.

या नोंदींना इतिहास आहे. १९५६ नंतर आंतरराज्य महामार्गांवर पैशाचा पूर आला आणि त्याबरोबर गैरव्यवहारही आले. प्रतिनिधीगृहाने १९५९ मध्ये मिनेसोटाचे जॉन ब्लॅटनिक यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिने निकृष्ट बांधकाम, ढिली तपासणी आणि जमीनखरेदीतले घोळ उघड केले. साहित्याच्या चाचण्या आणि निरीक्षकांच्या नोंदी यांबाबतची आजची कडक शिस्त त्या दशकात घडत गेली.

पन्नास कोटी डॉलरच्या वर

एका रस्त्याचे डांबरीकरण आणि शहराच्या पोटातून जाणारा बोगदा यांना एकच नियम लावता येत नाही. ज्या प्रकल्पाचा अंदाजित खर्च ५० कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक आहे, तो ‘मोठा प्रकल्प’ मानला जातो आणि त्याला आणखी दोन दस्तऐवज द्यावे लागतात. पहिला व्यवस्थापन आराखडा: निर्णय कोण घेणार, वेळापत्रक, खर्च आणि दर्जा यांवर नजर कशी ठेवणार, बदल कोणाच्या सहीने होणार. दुसरा वित्तीय आराखडा: पूर्ण होईपर्यंत एकूण किती पैसा लागेल आणि तो कोणत्या वर्षी कुठून येईल. हा दुसरा दस्तऐवज दरवर्षी नव्याने सादर करावा लागतो. १० ते ५० कोटींच्या प्रकल्पांनाही वित्तीय आराखडा तयार ठेवावा लागतो.

घर बांधायला काढलेल्या कुटुंबाला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. पायाच्या वेळी काढलेला अंदाज स्लॅबपर्यंत टिकत नाही आणि दर दिवाळीला नव्याने हिशेब मांडला नाही, तर खिडक्या बसवायच्या वेळी हात वर करावे लागतात.

अमेरिकेला हा धडा बॉस्टनमध्ये मिळाला. शहरावरून जाणारा उन्नत महामार्ग जमिनीखाली नेण्याच्या त्या प्रकल्पाला लोक ‘बिग डिग’ म्हणत. १९८० च्या दशकात त्याचा खर्च सुमारे २८० कोटी डॉलर सांगितला गेला होता. शेवटी तो सुमारे १,४८० कोटींवर गेला. खर्च वाढत असल्यामुळे १९९८ मध्ये संसदेने १०० कोटींहून मोठ्या प्रकल्पांना वार्षिक वित्तीय आराखडा सक्तीचा केला. तरीही फेब्रुवारी २००० मध्ये प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी अचानक सुमारे १४० कोटी डॉलरची वाढ जाहीर केली. केंद्राच्या चौकशी पथकाने त्याच वर्षी सांगितले की ही वाढ अधिकाऱ्यांना आधीपासून माहीत होती आणि ती मुद्दाम लपवली गेली होती. त्याच अहवालात केंद्राच्या स्वतःच्या देखरेखीवरही ताशेरे होते, कारण आलेले आकडे तपासून न पाहता मान्य केले गेले होते. पुढे केंद्राने आपला वाटा सुमारे ८५५ कोटींवर गोठवला आणि वरचा भार मॅसॅच्युसेट्सच्या नागरिकांवर पडला. २००५ मध्ये कायदा बदलून मर्यादा १०० वरून ५० कोटींवर आणली गेली आणि व्यवस्थापन आराखडाही सक्तीचा झाला.

कागद मागायलाही परवानगी लागते

सरकार नागरिकांकडून कागद मागते, पण अमेरिकेत सरकारच्या या मागणीवरही कायद्याचा लगाम आहे, हे फार कमी लोकांना माहीत असते. १९८० मध्ये झालेला आणि १९९५ मध्ये नव्याने लिहिलेला कागदकाम घटवण्याचा कायदा असे सांगतो की, दहा किंवा त्याहून अधिक जणांकडून ठरावीक नमुन्यात माहिती मागायची असेल, तर केंद्रीय खात्याने आधी राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाची मान्यता घेतली पाहिजे. राज्यांची परिवहन खातीही या ‘जणांत’ मोडतात.

मान्यतेची रीत अशी आहे. खाते केंद्राच्या राजपत्रात सूचना देते आणि लोकांना ६० दिवस अभिप्राय मागते. मग दुसरी सूचना निघते आणि आणखी ३० दिवस मिळतात. सूचनेत ही माहिती कशासाठी हवी, ती किती जण देणार, किती वेळा देणार आणि दर वेळी किती तास लागणार, हे लिहावे लागते. या तासांच्या एकूण बेरजेला कागदकामाचा भार म्हणतात. मान्यता मिळाली की नियंत्रण क्रमांक मिळतो आणि तो जास्तीत जास्त तीन वर्षे चालतो. तीन वर्षांनी पुन्हा सगळे पहिल्यापासून. वैध क्रमांक नसलेला नमुना भरला नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही.

महामार्गांच्या कामातले प्रकल्प करार, तपासण्या आणि अहवाल यांसाठी अशा सूचना नियमित निघतात. एखाद्या सूचनेत उत्तर देणाऱ्यांची संख्या ५२ दिसली, तर ती ५० राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि पोर्तो रिको यांची असते. अनेक सूचनांवर एकही अभिप्राय येत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्या सूचनेतच थेट विचारलेले असते: ही माहिती खरोखर गरजेची आहे का, आमचा तासांचा अंदाज बरोबर आहे का, आणि संगणकाच्या मदतीने हा भार कमी करता येईल का? पूल बांधणारा अभियंता, मस्टर भरणारा लेखनिक आणि लहान कंत्राटदार यांच्याइतके नेमके उत्तर दुसरे कोणी देऊ शकत नाही.

मग उशीर कागदांमुळेच होतो ना?

काही वेळा होतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सर्वाधिक वेळ जातो तो १९७० पासून लागू असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याच्या अभ्यासात. या कायद्याखाली तीन पायऱ्या आहेत. ज्या कामांचा पर्यावरणावर मोठा परिणाम होत नाही, त्यांना सविस्तर अभ्यासातून सूट मिळते. परिणाम किती होईल हे स्पष्ट नसेल, तर मध्यम स्वरूपाचे मूल्यांकन होते. मोठा परिणाम होणार असेल, तर संपूर्ण परिणाम-अहवाल लागतो. दहापैकी नऊहून अधिक महामार्ग कामे पहिल्याच पायरीवर संपतात. वर्षानुवर्षे चालणारे अहवाल थोडे असतात, पण चर्चा त्यांचीच होते. त्यांवर उपाय म्हणून २०२३ मध्ये कायद्यात मर्यादा आल्या: मूल्यांकन ७५ पाने आणि एक वर्ष, संपूर्ण अहवाल सामान्यतः १५० पाने आणि दोन वर्षे.

बाल्टिमोरचा पूल जुन्याच जागी होणार असल्याने त्याला जुलै २०२४ मध्येच, म्हणजे चार महिन्यांत, पहिल्या पायरीची सूट मिळाली. जून २०२३ मध्ये फिलाडेल्फियात इंधनाच्या टँकरला आग लागून आंतरराज्य महामार्ग ९५ चा एक भाग कोसळला, तेव्हा बारा दिवसांत तात्पुरत्या मार्गिका सुरू झाल्या. मिनियापोलिसचा कोसळलेला पूल २००७-०८ मध्ये सुमारे वर्षभरात पुन्हा उभा राहिला. या तिन्ही ठिकाणी केंद्राचा पैसा होता आणि मोजमाप, मस्टर, प्रमाणपत्रेही होती. फरक एवढाच की परवानग्या रांगेत एकामागून एक न फिरता एकाच वेळी फिरल्या आणि सही करणारी माणसे एकाच टेबलाभोवती बसली. म्हणून कागद किती आहेत यापेक्षा ते कोणाच्या टेबलावर किती दिवस थांबतात, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

राज्यांवर विश्वास का ठेवू नये?

बराचसा ठेवला जातो. १९९१ च्या कायद्यापासून अनेक कामांतील नकाशांची व निविदांची मंजुरी राज्यांकडे गेली. कोणते निर्णय राज्य घेईल आणि कोणते केंद्र, हे प्रत्येक राज्याशी झालेल्या देखरेख करारात लिहिलेले असते. कॅलिफोर्निया आणि टेक्ससने तर पर्यावरणाच्या निर्णयांची केंद्राची जबाबदारीही आपल्याकडे घेतली आहे, आणि त्याबरोबर त्या निर्णयांवरचे खटले लढण्याची जबाबदारीही.

त्या बदल्यात हिशेबाची शिस्त उरते. वर्षाला ठरावीक मर्यादेहून अधिक केंद्रीय मदत खर्च करणाऱ्या राज्यांचे व संस्थांचे स्वतंत्र लेखापरीक्षण होते; ही मर्यादा अलीकडेच साडेसात लाखांवरून दहा लाख डॉलरवर गेली. अंतिम देयकानंतर किमान तीन वर्षे कागद जपावे लागतात.

कागद भरले म्हणजे काम नीट झाले का?

नाही, आणि या आक्षेपाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. बिग डिगचे वित्तीय आराखडे वेळेवर सादर होत होते, पण ते तपासणारी नजर नव्हती. मिनियापोलिसचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जणांचा जीव गेला. तपासात असे दिसले की सांध्यांवरच्या काही पोलादी पट्ट्या हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. त्या पट्ट्यांची जाडी कशी ठरवली, याची १९६० च्या दशकातली आकडेमोड सापडलीच नाही. त्याच पट्ट्या वाकलेल्या दाखवणारी २००३ ची छायाचित्रे मात्र सापडली. एका जागी हवा तो कागद नव्हता आणि दुसऱ्या जागी होता तो कोणी नीट पाहिला नव्हता.

कागद नसल्याचा परिणामही बॉस्टननेच पाहिला. १० जुलै २००६ रोजी बिग डिगच्या बोगद्यात छताचे जड काँक्रीटचे फलक एका मोटारीवर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. फलक धरणारे खिळे चिकटद्रव्यात बसवलेले होते आणि सततच्या भाराखाली ते हळूहळू सरकत गेले. खिळे सरकत असल्याचे १९९९ मध्ये बांधकामाच्या वेळीच एका ठिकाणी दिसले होते. बोगद्यांच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीचा कार्यक्रम नव्हता, हेही अपघाताच्या तपासात पुढे आले. पुलांसाठी असा नियम होता, कारण १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ जण गेले होते आणि त्यानंतर १९७१ मध्ये पूल-तपासणीचे राष्ट्रीय मानक आले होते. बोगद्यांसाठी तसे मानक २०१५ मध्ये आले. आज प्रत्येक महामार्ग बोगद्याची नोंद राष्ट्रीय यादीत आहे, त्याची सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी होते, आणि गंभीर दोष आढळला तर तो कळवून त्यावर काय केले हेही लिहून द्यावे लागते.